आपल्या आवडीची थंडी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात या सदरातून वाचकांना एकच प्रश्न विचारला होता : आपल्या मते हिवाळा कसा असावा आणि थंडी किती असावी? मागवली होती ती उत्तरे. परंतु आलेल्या बहुतेक पत्रांत उत्तराबरोबर उलट प्रश्नही आहेत आणि काहींनी तर प्रश्नाच्या आडून भांडणच मांडले आहे. त्यांपैकी निवडक पत्रे संक्षेपाने येथे घेतली आहेत. प्रस्तुत लेखक भूगोल शिकवण्याच्या कामातून निवृत्त झालेला असून पुण्यात पाषाणच्या बाजूला राहतो. घरामागच्या अंगणात, उत्तरेकडच्या भिंतीवर, एक कमाल-किमान तापमापक टांगलेला आहे आणि रोज सकाळी सातला त्यावरचा आकडा वहीत उतरवून घेण्याची जुनी खोड आहे. त्यामुळे पुढील उत्तरांत थोडे शास्त्र आणि बरीचशी वैयक्तिक आवड अशी सरमिसळ झाली आहे, ती वाचकांनी सांभाळून घ्यावी.

प्रश्न : मला थंडी मनापासून आवडते, पण आमच्या यजमानांना ती अजिबात सोसत नाही. खिडकी उघडी ठेवावी की नाही, यावरून डिसेंबरभर घरात वाद चालतो. पुण्यापुरती आदर्श थंडी किती अंशांची मानावी? शिवाय पारा दहाच्या खाली गेला की लगेच ‘थंडीची लाट’ असे म्हटले जाते, ते बरोबर आहे का?
— एक गृहिणी, कोथरूड, पुणे

उत्तर : खिडकीच्या वादात या सदराने पडू नये हे बरे, आधी आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्याचे उत्तर नेमके देता येते. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि शिवाय ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी खाली असेल, तरच भारतीय हवामान विभाग थंडीची लाट मानतो. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली आला, तर मात्र सरासरी पाहण्याची गरज उरत नाही. पुण्यात जानेवारीतील किमान तापमानाची सरासरीच साधारण ११ ते १२ अंश असते, म्हणजे शिवाजीनगरच्या वेधशाळेत ९ अंश नोंदले गेले तर ती लाट नव्हे, नेहमीचीच थंडी होय. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. लाट म्हणायची तर ती.

राहिला आदर्श थंडीचा प्रश्न. आपण आकडा मागितला आहे, परंतु इतकी वर्षे वही भरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की पहाटेचा आकडा एकटा काहीच सांगत नाही; पहाट आणि दुपार यांच्यात अंतर किती पडते, यावर हिवाळा मानवतो की नाही हे ठरते. माझ्या आवडीचा दिवस सांगायचा तर पहाटे ११, दुपारी २८, आकाश निरभ्र आणि पहाटे झाडाचे पानही हलणार नाही इतका वारा पडलेला. अशा दिवशी सातला अंगणात गेले की स्कूटरच्या सीटवर दवाचा पातळ थर असतो, त्यावर बोट फिरवले तर रेघ उमटते आणि बोट झोंबते. साडेआठला ऊन कंपाउंडवर येते, नऊला त्या उन्हात खुर्ची टाकून बसता येते, दहाला मफलर सुटतो आणि अकराच्या सुमारास स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. थंडी सोसायची आणि लगेच तिची भरपाई उन्हाने करून घ्यायची, हा व्यवहार ज्या हवेत रोज पुरा होतो, ती माझ्या दृष्टीने आदर्श हवा.

हे अंतर पडते ते मोकळ्या आकाशामुळे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडत असते. आकाशात ढग असले तर ती दुलईसारखी अडून राहते, ढग नसले आणि हवा कोरडी असली तर थेट निघून जाते. गार झालेली हवा जड असते, ती सखल भागात साचते आणि वारा नसल्यास तिला कोणी ढवळत नाही. म्हणून एकाच पहाटे पाषाण किंवा एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूला जो पारा असतो, त्यापेक्षा मगरपट्ट्याकडे तो कित्येक अंशांनी वर असतो आणि दोन्हीकडची माणसे ‘आज पुण्यात थंडी किती’ यावर फोनवरून खऱ्याखुऱ्या निष्ठेने भांडत राहतात.

आपल्या यजमानांसाठी एवढेच सुचवतो की घराला दक्षिणेकडे गॅलरी असेल तर सकाळचा चहा तेथे घ्यावा. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांपेक्षा वर चढत नाही, त्यामुळे दक्षिणेचे ऊन तिरपे होऊन घरात पार आतपर्यंत येते. थंडी न सोसणाऱ्या माणसाला इतके ऊन मिळाले, तर रात्री खिडकीची एखादी फट तो सहन करील असे वाटते.

प्रश्न : पारा १८ वर आला की आम्ही ठाणे-मुंबईची माणसे कपाटातून स्वेटर बाहेर काढतो आणि नागपूर-नाशिकचे नातेवाईक हसून हसून बेजार होतात. आम्हांला थंडी असते की नसते, हे एकदा सांगून टाकावे.
— एक बँक कर्मचारी, ठाणे

उत्तर : असते, आणि तिचा पुरावा आपल्या न्हाणीघरात आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागते. ज्या सकाळी बाटली उपडी करूनही तेल येत नाही आणि ती गरम पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवावी लागते, त्या सकाळपासून आपल्या घरी हिवाळा लागला असे खुशाल समजावे. नागपूरकरांच्या बाटलीतले तेल महिना महिना दगडासारखे राहते हे खरे, परंतु शरीराला थंडी वाजते ती नेहमीच्या सवयीपेक्षा हवा किती बदलली यावरून. वर्षातले दहा महिने जो माणूस घामाने निथळत लोकलला लोंबकळतो, त्याला १७ अंशांना दारात उभे राहून हुडहुडी भरली, तर त्यात नाटक नाही.

मुंबईला थंडी समुद्र देत नाही, ती जमिनीकडून येते. उत्तरेकडून आणि ईशान्येकडून कोरडे वारे वाहू लागले की रात्री गार होतात. समुद्राच्या कुशीतल्या कुलाब्यापेक्षा सांताक्रूझचा पारा म्हणूनच खाली असतो. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती, हा आकडा हसणाऱ्या नातेवाइकांना जरूर ऐकवावा. एक गोष्ट मात्र मनाविरुद्ध सांगावी लागते. मुंबईत ज्या सकाळी हवा गार आणि स्तब्ध असते, त्याच सकाळी धूळ आणि धूर जमिनीलगत कोंडून राहतात. खिडकीतून जे दिसते त्याला आपण हौसेने धुके म्हणतो, पण ते पुष्कळदा धुरकेच असते. मुंबईकरांनी आवडीची थंडी मागताना तिच्यासोबत थोडा वाराही मागावा, असे माझे मत आहे. पुण्यात मी तो मागणार नाही.

प्रश्न : सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमारास असतो, मग आमच्याकडे खरी थंडी जानेवारीत का पडते? आणि महाबळेश्वरला बर्फ पडतो हे खरे का? मला बर्फाचा हिवाळा आवडेल.
— इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : दिवस मोठा होऊ लागला तरी काही आठवडे जमिनीला दिवसभरात मिळणारी उष्णता ही रात्री निघून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा कमीच असते. जमा कमी आणि खर्च जास्त असा हिशेब चालू असेपर्यंत जमीन गारच होत जाते. शिवाय हिमालयात बर्फवृष्टी करणारे पश्चिमी झंझावात डिसेंबर-जानेवारीत लागोपाठ येतात आणि ते पुढे सरकले की त्यांच्या मागून उत्तरेचा गार वारा आपल्यापर्यंत पोहोचतो. आणखी एक गंमत पाहा : दिवस मोठा होत असला तरी आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. मुंबईत त्या सुमारास सूर्य जवळपास सव्वासातला उगवतो. सकाळच्या शाळेला जाताना डिसेंबरपेक्षा संक्रांतीला जास्त अंधार आणि जास्त गारठा वाटतो, तो भास नव्हे.

महाबळेश्वरला बर्फ पडत नाही. तेथे दव गोठते. वेण्णा तलावाच्या परिसरात निरभ्र, निवांत रात्री गवत, स्ट्रॉबेरीची पाने आणि मोटारींचे टप इतके गार होतात की त्यांच्यावरचे दव गोठून पांढरा थर धरते. त्या वेळी हवेचे तापमान मात्र शून्याच्या बरेच वर असू शकते, कारण हवेचे तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत मोजतात आणि जमिनीलगतचे गवत त्याहून कितीतरी गार असते. सकाळी सूर्य वर आला की तासाभरात सारे वितळून जाते. तुला ते पाहायचे असेल, तर घरच्यांना उजाडण्यापूर्वी उठवण्याची कामगिरी आधी पार पाडावी लागेल.

प्रश्न : नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश होते. त्या थंडीत मी सायकलवरून कामाला गेलो आणि मला ती आवडली. आपण लोक ११ अंशांचे कौतुक काय करता? मला फक्त हिवाळ्यातले ढग नकोत. ते येतात कोठून?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ढगांबाबत आपण दोघे एकाच पक्षात आहोत, म्हणून ३.५ अंशांचा वाद सोडून देतो. हिवाळ्यात विदर्भाला ढग मिळतात ते बहुधा बंगालच्या उपसागरावरून आलेल्या दमट वाऱ्यांमुळे. त्यांची उत्तरेकडच्या गार वाऱ्यांशी गाठ पडली की पाऊस होतो, कधी गाराही पडतात. वेचणीला आलेला कापूस भिजतो, हरभऱ्यावर घाटे अळी वाढते. चक्रीवादळ किनाऱ्याला लागते तमिळनाडूत आणि स्वेटर घडी होऊन कपाटात जातात महाराष्ट्रात, असेही घडते. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर आमच्याकडे छान थंडी जमली होती. ३० नोव्हेंबरला ‘फेंगल’ वादळ पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आले आणि त्यानंतरचे काही दिवस माझ्या वहीत ढगाळ, उकाड्याच्या नोंदींचे गेले. त्या पानावर मी रागाने काय लिहिले आहे, ते येथे छापण्याजोगे नाही.

प्रश्न : निफाडचा पारा खाली गेला की शहरातले लोक आनंदाने एकमेकांना आकडे पाठवतात. इकडे आम्ही पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवतो. तुमची गुलाबी थंडी आमच्या द्राक्षांच्या मुळावर येते. द्राक्षबागायतदाराने आदर्श हिवाळा म्हणून काय मागावे?
— एक द्राक्षबागायतदार, निफाड तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील राग रास्त आहे आणि आकडे पाठवणाऱ्यांत मीही होतो, हे आधी कबूल करतो. निफाडचे नाव दर हिवाळ्यात सगळीकडे पोहोचते याचे एक साधे कारण असे की तेथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमानाची नियमित नोंद होते. आसपासच्या किती गावांत तितकीच थंडी असेल, पण तेथे मोजायला कोणी नाही. दुसरे कारण तालुक्याच्या जमिनीत आहे. गोदावरी आणि कादवेच्या काठचा सखल, भिजलेला, मोकळा मुलूख, त्यात रात्री गार हवा येऊन साचते.

त्याच केंद्रातला गहू आणि आपली बाग यांची मागणी मात्र अगदी उलट आहे. गव्हाला थंडी मानवते. ती जितकी टिकेल तितके फुटवे चांगले येतात आणि दाणा भरायला वेळ मिळतो. द्राक्षाचे तसे नाही. ऑक्टोबरात फळछाटणी झालेल्या बागेत डिसेंबर-जानेवारीत मणी फुगत असतात. पारा आठ-नऊच्या खाली उतरून तेथेच राहिला की मुळांचे काम मंदावते आणि फुगवण थांबते; मण्यांत पाणी उतरल्यानंतर तो चार-पाचपर्यंत घसरला तर मण्यांना तडे जातात, आणि तडकलेला एक मणी शेजारच्या साऱ्या घडाला नासवतो. पहाटे ठिबक किंवा पाट सुरू करण्यामागचे शास्त्र पक्के आहे : विहिरीचे पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा पुष्कळ ऊबदार असते आणि ओली जमीन आपली ऊब सावकाश सोडते. शेकोटीचाही उपयोग होतो, पण वारा पडलेला असेल तरच. वारा असला तर आपण शेजाऱ्याची बाग गरम करीत असता.

येथे माझ्या आवडीलाही एक टोला बसतो, तो लपवून ठेवणे बरे नव्हे. पहाट आणि दुपार यांतील ज्या अंतराचे कौतुक मी वर केले, तेच अंतर फार वाढले की हिरव्या द्राक्षांचे मणी गुलाबी पडतात. आपण त्याला ‘पिंक बेरी’ म्हणता आणि असा माल निर्यातीला चालत नाही. त्यासाठी घडांना कागद गुंडाळण्याची पद्धत आहे. गेल्या वर्षी आपल्याच भागातील एका बागेत मी हे काम पाहिले. बाया खाली वाकून, एकेका घडाभोवती जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा वळवून, वरच्या बाजूला दुमडून पक्का करीत होत्या. घडाला धक्का न लावता एका घडाला पाच-सात सेकंद, त्याहून जास्त नाही. त्यांपैकी एका कागदावर ‘निफाड गारठले’ असा मथळा होता आणि आत द्राक्षे होती. थंडीच्या बातमीचा इतका चोख उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तेव्हा आपण मागावे ते असे : पहाटे १२ ते १४, दुपारी २८ ते ३०, दव बेताचे, धुके अजिबात नाही आणि पाऊस तर मुळीच नाही, कारण पाने ओली राहिली की डाऊनी आणि आभाळ आले की भुरी, ही रोगांची जोडी थंडीपेक्षाही महाग पडते. मला हवे असलेले ११ अंश मी आपल्यासाठी दोन अंशांनी वाढवायला तयार आहे. त्यापलीकडे गव्हावाल्यांशी बोलावे लागेल.

प्रश्न : थंडी लांबली तर बरे, असे आमच्या मुंबईच्या पाहुण्यांना वाटते. आम्हा आंबेवाल्यांना मात्र ती आली नाही तरी काळजी आणि लांबली तरी धडकी. आपले मत?
— एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : आपल्या कलमांना थंडी हवी असते ती इशाऱ्यापुरती. ऑक्टोबरच्या उन्हात पालवी जून व्हावी, जमीन सुकावी आणि मग नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार होऊन मोहोर यावा, हा हापूसचा ठरलेला क्रम आहे. परंतु फळ कणीपासून सुपारीएवढे होत असताना जानेवारी-फेब्रुवारीत पारा पुन्हा उतरून राहिला, तर झाडाला जणू दुसऱ्यांदा इशारा मिळतो. त्याच फांदीवर पुनर्मोहोर येतो, झाड आपले अन्न त्याच्याकडे वळवते आणि आधीची सुपारीएवढी फळे गळून पडतात. त्यात मळभ आले की तुडतुडे आहेतच. मुंबईच्या पाहुण्यांना थंडी लांबलेली हवी असेल, तर मे महिन्यात पेटीचा भाव विचारताना त्यांनी तोंड वाकडे करू नये, इतकी अट घालावी.

प्रश्न : आमचे घराणे चार पिढ्यांपासून ग्वाल्हेरला आहे. गेल्या जानेवारीत लेकीकडे पुण्याला आलो. सकाळी ९ अंश होते, तरी थंडी बाधली नाही. ग्वाल्हेरला पारा तेवढाच असतो, पण दिवसभर रजईतून बाहेर निघवत नाही. हा वयाचा दोष की हवेचा?
— एक ज्येष्ठ वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : हवेचा, वयाला येथे उगीच बोल लावू नये. आपल्या पत्रामुळे मला माझेच म्हणणे नीट मांडण्याची संधी मिळाली, त्याबद्दल आभार. पुण्यात ज्या दिवशी सकाळी ९ अंश होते, त्या दिवशी दुपारी ते २८ च्या जवळपास गेले असणार. म्हणजे अंतर १९ अंशांचे पडले. घराच्या भिंती दिवसभर तापल्या आणि रात्री तीच ऊब आत सोडत राहिल्या. ग्वाल्हेरला दाट धुके पडले की सूर्य जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. पहाटे ८ आणि दुपारी जेमतेम १३ किंवा १४ अशी गत होते. अंतर पाच-सहा अंश, भिंती गार, फरशी गार, पाणी गार आणि अंथरूणही गार. असे चार दिवस लागोपाठ गेले की घर स्वतःच शीतपेटी होते. हवामान विभाग याला ‘शीत दिवस’ म्हणतो : किमान तापमान १० किंवा त्याखाली असून कमाल तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक घसरलेले. पहाटेच्या आकड्यात तो कळून येत नाही, आणि रेडिओवर किमान तापमान ऐकून पुण्याची लेक ‘आमच्याकडेही तेवढेच आहे’ असे म्हणते, तेव्हा ती खोटे बोलत नसते.

हे धुके उत्तरेच्या मैदानाची मिरास आहे. भिजवलेली रब्बीची शेते, ओली माती, स्तब्ध वारा आणि वर झाकणासारखी बसलेली ऊबदार हवा, एवढे जमले की दृश्यता दोनशे मीटरांच्या खाली जाते, क्वचित पन्नासच्याही खाली, आणि गाड्या उशिरा धावू लागतात. महाराष्ट्रात नदीकाठी धुके पडते, पण नऊ-दहापर्यंत ते उठून जाते. म्हणूनच आम्हांला त्याचे कौतुक करता येते. आपल्याकडच्या हिवाळ्यातली एकच गोष्ट मी मनापासून मागून घेईन आणि ती म्हणजे गजक. आमच्या तिळाच्या वड्या चांगल्या असतात. परंतु तोंडात टाकताच पापुद्रे सुटून विरघळणारी मुरैना-ग्वाल्हेरची गजक निराळी, हे पुणेकर असूनही लिहून देतो.

प्रश्न : मी पुण्यात शिकतो, माझे आईवडील दर वर्षी बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात. आपल्या सदरातला प्रश्न मी आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, “गुलाबी थंडी म्हणणाऱ्याला पहाटे चारला फडात उभा कर.” तिला कोणती थंडी आवडावी?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : आपल्या आईंचे म्हणणे मी दोनदा वाचले. त्यांना कोणती थंडी आवडावी हे मी सांगणे शोभणार नाही, परंतु त्या ज्या उसात उभ्या असतात, त्याला कोणती आवडते हे ठाऊक आहे आणि ते मला अडचणीत आणणारे आहे. उसाला तोडणीच्या हंगामात हवी असते कोरडी, निरभ्र हवा : रात्री गार, दिवसा स्वच्छ ऊन. वाढ थांबते, कांड्यांत साखर साठते आणि कारखान्याचा साखर उतारा वाढतो. म्हणजे माझ्या वहीतला आवडता दिवस आणि उसाचा आवडता दिवस जवळजवळ एकच आहे. फरक इतका की मी तो दिवस साडेआठला उन्हाबरोबर सुरू करतो, आणि त्या दिवसाचे खरे किमान तापमान जेव्हा असते, उजाडण्याच्या आधीच्या त्या तासाला, आपल्या आई दवाने भिजलेल्या पाचटात हात घालून मोळी बांधत असतात. ओल्या पाचटाची धार कोरड्यापेक्षा जास्त कापते, असे मला फडावरच्या एका बाईंनी हाताच्या चिरा दाखवून सांगितले होते. थंडीने अंग उलते तेव्हा आम्ही त्यावर साय नाहीतर तेल चोळतो. त्या चिरांत उसाचा चिकट रस जात होता.

पाण्याजवळ, उघड्या माळावर बांबू आणि ताडपत्रीची कोपी घातलेली असते. अशा जागी पहाटेचा पारा शहरातल्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंशांनी सहज खाली असतो आणि ताडपत्रीच्या आतल्या बाजूला श्वासाचे पाणी धरून ते थेंबाथेंबाने अंथरुणावर ठिबकते. माझ्या तापमापकाला हे कळत नाही. थंडीसाठी ‘गुलाबी’ हा शब्द मी या सदरात स्वतःहून वापरलेला नाही, निफाडच्या पत्राला उत्तर देतानाही नाही. पण आपल्या आईंना एवढ्याने समाधान वाटावे अशी माझी अपेक्षा नाही. त्यांचे खरे उत्तर कळले, म्हणजे त्यांना हवा कशी हवी हे त्यांनी सांगितले, तर ते पुढील अंकात सर्वांत वर छापू.

प्रश्न : आपण सगळे तापमानावर बोलत आहात. आमच्याकडे हिवाळा पोपटीवरून ठरतो. पोपटी लावायला किती थंडी लागते? संक्रांतीच्या सुमारास अलिबागला आलात तर दाखवू.
— एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून त्यावर वालाच्या गावठी शेंगा, जाडे मीठ, ओवा आणि ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी भरतात. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करून मडके जमिनीवर उपडे ठेवतात आणि भोवती पालापाचोळा, काटक्या रचून जाळ करतात. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा पुरतो. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारून पाहतात. पाणी चर्र करून तत्काळ उडाले की पोपटी झाली.

तिला थंडी किती लागते, याचे उत्तर आकड्यात द्यायचे तर अलिबागच्या बाजूला रात्री १७-१८ अंश झाले तरी पुष्कळ झाले; शेंगा भरलेल्या असणे त्याहून महत्त्वाचे. आमंत्रणाबद्दल आभारी आहे. संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार ठरवावा. तापमापक घरीच ठेवून येईन, आणि त्या रात्री आभाळ आलेले असले तरी येईन.